बाहेरकाठ्यावरचा रणगाडा

अमावास्या आणि पौर्णिमा, आणि त्यांच्या मागचेपुढचे दोन-दोन दिवस, आमच्या पलटणीला सक्तीची सुट्टी असे. कारण विचारलं की आमचे कप्तान म्हणत, "पानी लागलंय." जगभरातली माणसं जो कॉम्प्युटरवरचा रणगाड्यांचा खेळ ऑफिस सुटल्यावर, रविवार बघून खेळतात, त्याचं वेळापत्रक आम्ही चंद्र बघून ठरवत होतो. अष्टमीच्या सुमाराला भरतीचा जोर ओसरला की कप्तान खुशीत येत. "आता पानी मेलंय. बसा, चार डाव खेलू."

कप्तान म्हणजे माझे घरमालक. मी त्यांना काका म्हणत असे. वय तेव्हा साठीच्या थोडं पुढे. उभं आयुष्य बंदरावर कंटेनरचे ट्रेलर चालवण्यात गेलेलं, त्यामुळे गुडघे कामातून गेलेले, कान मात्र शाबूत. मी मूळची तळा गावची. अलिबागच्या कोर्टात स्टेनो म्हणून लागले, आणि अलिबागेतल्या बऱ्या खोल्या सुट्टीच्या पाहुण्यांनी अडवलेल्या, म्हणून खारेपाटातल्या त्यांच्या गावात राहायला गेले. घराच्या मागच्या अंगाला खाडी, पुढच्या अंगाला एसटीचा थांबा, आणि मध्ये काका.

त्यांच्या तोंडात शब्दामधला 'ड' सहसा टिकत नसे. गाडीची गारी होई आणि रणगाड्याचा रनगारा. पहिले आठ दिवस मला त्यांचं निम्मं बोलणं कळलं नाही. नंतर असं झालं की कोर्टात साहेबांसमोर मी एकदा "गारी" म्हणाले, आणि साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

हा खेळ मला कॉलेजपासूनचा. दिवसभर दुसऱ्यांची भांडणं टाइप करून आलं की संध्याकाळी कुणाच्या तरी रणगाड्यावर चार गोळे टाकल्याशिवाय मला जेवण जात नसे. मी स्वभावानं भांडखोरच आहे, लपवण्यात अर्थ नाही. तर एका संध्याकाळी मी लागोपाठ सात डाव हरले होते आणि लॅपटॉपला शिव्या घालत होते. दार वाजलं. आवाजाची तक्रार असणार म्हणून मी तयारीतच दार उघडलं. काका आत आले, चपला बाहेर काढून. पडद्याकडे बघत उभे राहिले. आठव्या डावातही माझा रणगाडा पेटला तेव्हा म्हणाले,

"बाय, तुजी गारी उघरी परते."

"म्हणजे?"

"बांध हाय ना तिथं? त्याच्या आर ने. डोकं तेवरं वर ठेव. बाकी अंग मातीआर."

मी ऐकलं ते केवळ त्यांना लवकर घालवायचं म्हणून. पुढच्या डावात त्या उंचवट्यामागे रणगाडा नेला, नळी आणि डोकं तेवढं वर ठेवलं. समोरच्यांचे गोळे मातीत जायला लागले. तो डाव मी जिंकले, आणि काका खाली जाऊन जेवायला बसले. पुढे कळलं, जाणकार खेळाडू याच डावपेचाचे धडे एकमेकांना देतात. काकांना तो कुणी शिकवला नव्हता. त्यांनी आयुष्यभर एका बांधाच्या आड राहून समुद्राशी उभा दावा मांडला होता, एवढंच.

तो बांध सांगायला हवा, नाहीतर काका समजणार नाहीत. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावाबाहेरून मातीचा लांबच लांब बांध घातलेला असतो. त्याला तिकडे बाहेरकाठा म्हणतात. बाहेरकाठ्याच्या आत ज्यांची शेती, त्यांची मिळून जोळ. घरटी एक माणूस. उधाणाची भरती दुपारी बाराच्या सुमाराला यायची, तेव्हा जोळीतला प्रत्येक जण आपापल्या टप्प्यावर जाऊन उभा राही. वडीलधारा माणूस उघाडीपाशी, म्हणजे पाणी सोडायच्या दरवाजापाशी उभा राहून एकेका घराचं नाव पुकारी, आणि दूरवरून उत्तर येई, "उभा हाय!" सगळी उत्तरं आली की समजायचं, बांध शाबूत आहे. कुठून उत्तर आलं नाही की सगळे तिकडे धावत. बायका मातीच्या पाट्या वाहत, पेंढा आणत, पण त्यांची नावं पुकारत नसत.

हे सगळं काकांच्या तरुणपणचं. मी गेले तेव्हा जोळ कागदावरसुद्धा नव्हती. कुणाची पोरं ट्रेलरवर, कुणी जमीन विकून धंद्यात, कुणाच्या शेतात बांध फुटून पाणी शिरलं ते तसंच राहिलं आणि तिथे तिवरं, म्हणजे खारफुटी, उगवली. एकदा तिवरं माजली की ती जमीन पुन्हा भाताची होत नाही. काकांचं शेत तेवढं त्या टोकाला उरलं होतं, आणि त्याच्यापुढचा बाहेरकाठा काका एकटे सांभाळत होते. रोज सकाळी त्यावरून चालायचे, टाचेनं दाबून बघायचे, खेकड्याचं बीळ दिसलं की चिखल आणि पेंढा कोंबून बुजवायचे. म्हणायचे, "खांड काय एकदम परत न्हाय, बाय. आधी खेकरा परवानगी काडतो." खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. काकांना सबंध जगात एकाच गोष्टीची भीती होती, ती ही.

आणि हा माणूस उरलेल्या वेळात रणगाडे खेळायचा.

त्यांनी अलिबागच्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून कॉम्प्युटर आणला, दुकानदाराकडून त्यात नवं काहीबाही बसवून घेतलं, आणि भाताची पोती ठेवायच्या खोलीत मांडला. बसायला खुर्ची नाही, भंगारात गेलेल्या ट्रेलरची सीट, स्प्रिंगसकट. डाव सुरू व्हायच्या आधी ते सीट मागेपुढे करत आणि नसलेला आरसा नीट करत. मी हसले तर म्हणाले, "हसू नको. आरसा न बगता गारी हलवली की मानूस मरतो."

भिंतीवर खडूनं नियम लिहिलेले होते. त्यांच्या अक्षरात, त्यांच्या बोलीत. पहिला असा: आत शिरायच्या आधी परत कसा येनार ते बग. त्यामुळे ते कुठल्याही गल्लीत रणगाडा उलटा घालत. मागे मागे जात, तोंड बाहेरच्या बाजूला. आमच्या बाजूचे अनोळखी खेळाडू त्यांना वाट्टेल ते बोलत. मग समोरून तीन रणगाडे येत, ते सगळे शहाणे अडकून पडत, आणि काका मात्र सरळ पुढच्या गिअरमध्ये बाहेर निघून येत.

दुसरा नियम: पहिला गोला आपला नको. ज्यानं आधी गोळा टाकला त्यानं आपला पत्ता दिला. काका झुडपात इंजिन बंद करून बसत आणि कान देत. कुठला रणगाडा कुठून येतोय, दमलेला आहे की ताजा, चढावर आहे की उतारावर, हे आवाजावरून सांगत. "ह्याचा ड्रायवर घाबरलाय. उगाच रेस करतोय." बघितलं तर खरंच एक एकटा पडलेला गडी वाट शोधत फिरत असे.

तिसरा नियम मला सगळ्यात आवडायचा: छाती देऊ नको, खांदा दे. म्हणजे रणगाडा समोरासमोर उभा करायचा नाही, थोडा तिरपा धरायचा, म्हणजे गोळा घसरून जातो. हे मी त्यांना पुस्तकी भाषेत समजवायला गेले, जाडी आणि कोन वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उभी भित घातलीस तर पानी ती तोरतं. उतार घातलास तर पानी वर चरतं, दमतं, नि परत जातं. येवरंच ना?" एवढंच होतं. रणगाडा निवडतानासुद्धा ते उतरत्या छपरासारख्या नाकाचाच निवडत. जाडजूड, उभ्या नाकाच्या रणगाड्यांकडे ते फार दयेनं बघत.

आणि तरीही आम्ही हरायचो. कारण काका भातशेतातून रणगाडा घालत नसत.

खेळातले काही नकाशे खेड्यांचे असतात. मध्ये शेतं, पलीकडे काबीज करायचं ठाणं. सगळे सरळ शेत तुडवून जातात. काका बांधाबांधानं वळसा घेत. आम्ही पोचून मार खात असू आणि कप्तान अजून वाटेत.

"काका, चित्र आहे ते!" मी हेडफोनमध्ये ओरडायची.

"चित्र, पन पेरलेलं हाय."

"अहो, कुणी पेरलेलं नाहीये!"

"ज्यानं काडलंय त्यानं पेरलंय," काका म्हणत, आणि सावकाश वळसा पूर्ण करत.

आमची पलटण चौघांची. काका, मी, आणि खेळातच जोडलेले दोघे. एक दुबईवाला. तो खाडीपलीकडच्या मुसलमान वस्तीतला, दुबईत क्रेन चालवायचा. काकांचं बोलणं ऐकून त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "चच्चा, तुमी आमच्या खाडीचे काय?" आणि मग अर्धा तास दोघं बोंबील आणि निवट्यांवर बोलत बसले. तो डाव आम्ही हरलो हे वेगळं सांगायला नको. दुसरा किहीमवाला. तो मुंबईचा, जाहिरातीतला माणूस, किहीमला नारळीच्या बागेत त्याचं छोटं घर, शुक्रवारी संध्याकाळी येऊन सोमवारी परत. दोघांना आम्ही डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. नावं होती, पण काकांनी कधी वापरली नाहीत. मला ते घरात पोरी, बाय असं काहीही म्हणत, पण खेळात स्टेनो.

डाव सुरू होण्याआधी काका हजेरी घेत. "दुबई?" "उभा हाय, चच्चा." "किहीम?" किहीमवाला पहिल्यांदा "रेडी" म्हणाला. काकांनी परत विचारलं, "किहीम?" "अरे यार, रेडी म्हटलं ना." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी त्याला हळूच उत्तर सांगितलं. "ओके ओके. उभा हाय." मगच डाव सुरू झाला.

मी एकदा काकांना छेडलं, "जोळीत बायकांची नावं पुकारत नाहीत ना? मग मला कसं पुकारता?"

"तू बाई न्हायस. तू स्टेनो हायस," काका म्हणाले.

काकी दारात उभ्या होत्या. तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "आन् मी कोन ते सांगा." काकांनी हेडफोन लावला. काकींना या खेळाचा मनापासून राग होता. रिकामटेकडे धंदे म्हणायच्या. पोती ठेवायच्या खोलीत म्हातारा एकटाच ओरडतो म्हणून शेजारी काय विचारतात ते मला साभिनय करून दाखवायच्या. पण डाव रंगात आला की चहा त्याच आणून ठेवत, आणि आणल्यावर लगेच परत जात नसत.

आता ते भांडण. एका हौशी स्पर्धेत आम्ही अंतिम डावापर्यंत पोचलो. आमच्या चौघांसाठी ते आक्रीतच होतं. शेवटच्या मिनिटाला मी आणि किहीमवाला पेटून बाद झालो होतो, समोरचेही दोनच उरले होते, काका ठाण्याच्या तोंडाशी बांधाआड पक्के बसलेले, जिंकण्यासाठी फक्त बसून राहायचं होतं. तेवढ्यात मागे दुबईवाल्याच्या रणगाड्याचा पट्टा तुटला. तो उघड्यावर अडकला. खेळात याला उत्तर एकच: अडकला त्याला तसाच राहू द्यायचा, समोरचे त्याच्याभोवती जमतात, आणि आपण त्यांना टिपायचं. दुबईवाला स्वतः ओरडत होता, "चच्चा, मला सोडा! बसून राहा!"

काकांनी गाडी काढली. उताराच्या नाकाचा तो रणगाडा वळला, उघड्यावर गेला, आणि दुबईवाल्याच्या आणि गोळ्यांच्या मध्ये आडवा उभा राहिला. दोघेही पेटले. ठाणं गेलं. डाव गेला.

मी हेडफोन काढून थेट त्यांच्या खोलीत गेले. "काय केलंत हे? तो मेलेलाच होता! सोडायचा होता त्याला!"

काका सीटवरून उठले नाहीत. म्हणाले, "खांडीत उभा हाय त्याला सोरून जानारा मानूस गावात परत येत न्हाय."

"कुठली खांड? कुठलं गाव? खेळ आहे हा!"

"तुना खेल वाटतो," एवढंच बोलले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. माझं चुकलं असं मला तेव्हा अजिबात वाटत नव्हतं. डावपेच म्हणून पाहिलं तर आजही मीच बरोबर आहे.

त्यानंतरच्या भाद्रपदातली अमावास्या. रविवार होता. भात पोटरीवर आलेलं. मी कपडे धुऊन वर टाकत होते, तर दुपारच्या वेळेला काकी गुरांचा पेंढा उपसून बांधताना दिसल्या. एकट्या, भराभरा.

"काय झालं काकी?"

"काय न्हाय."

"काका कुठायत?"

त्यांनी पेंढी खाली टाकली. "खांड गेली," म्हणाल्या. "कोनाला सांगू नको म्हनलाय."

मी तशीच धावले. बाहेरकाठ्याला चार-पाच हात रुंदीचं भगदाड पडलं होतं. भरतीचं पाणी तासभर आत शिरून आता ओहोटीबरोबर बाहेर ओढत होतं, आणि येता-जाता बांधाच्या कडा कुरतडत होतं. काका त्या भगदाडात कमरेइतक्या पाण्यात उभे होते आणि बांबूची खुंटी ठोकत होते. एक ठोकली की दुसरी घ्यायला वाकावं लागे, आणि वाकलं की गुडघा दगा देई. पलीकडे जुन्या जोळीतले दोन म्हातारे बांधावर उकिडवे बसले होते. त्यांची शेतं कधीच तिवरांत गेली होती. "आता काय उपेग," एक म्हणत होता. "मदराती परत पानी येल. मग रोजचंच."

काकांना ते माहीत होतं. एका भरतीचं खारं पाणी उघाडीतून काढता येतं, पाऊस उरलेलं धुऊन नेतो. पण पुढच्या भरतीच्या आत खांड बुजली नाही तर ती रुंद होत जाते, आणि मग ते शेत गेलंच. हातात संध्याकाळपर्यंतचा वेळ होता, आणि माणूस एक.

"काका, हाक का नाही मारलीत?"

"कोनाला मारू?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"पलटणीला! किहीमवाला आज इथे आहे, रविवार आहे. दुबईवाल्याचं घर तर पलीकडे दिसतंय."

"त्यांची जमीन हाय का हितं?" काका एकदम तडकले. "ज्याची जमीन न्हाय त्याला खांडीत बोलवायचं न्हाय. वारवरलांपासून हाय. फोन लावलास तर याद राख."

हा तो नियम. भिंतीवर लिहिलेला नव्हता, पण बाकी सगळ्यांच्या आधीचा होता. जोळ पुकारायची ती जमिनीवाल्यांना. परक्याला आपल्या चिखलात उभं करणं म्हणजे भीक मागण्यासारखं. जोळीत आता कुणीच उरलं नव्हतं, म्हणून हा माणूस कुणालाच न पुकारता तिथे शेत जाईपर्यंत उभा राहणार होता. मला त्यांचा इतका राग आला की रडू फुटलं. मी बांधावरून ओरडले, "खांडीत उभा आहे त्याला सोडून जाणारा माणूस गावात परत येत नाही! तुम्हीच म्हणालात ना? मग आम्हाला का परत येऊ देत नाही?"

काकांनी खुंटीवर हातोडा मारला. नाही म्हणाले नाहीत, एवढं मला पुरलं. मी पलटणीच्या ग्रुपवर दोनच शब्द टाकले: खांड गेली.

दुबईवाल्याचा फोन लगेच आला. "स्टेनोबाई, चच्चा किधर हायेत? पान्यात? अल्ला. अब्बांना आनि भावांना सांगतो. होडी हाय घरची." अर्ध्या तासात खाडीतून होडी आली. त्यात त्याचे वडील, दोन भाऊ, वाळूनं भरलेली पोती आणि एक जुनं जाळं. वडील उतरले, लुंगी वर खोचली, आणि काकांना म्हणाले, "सलाम भाई. तुमीच ना ते, माज्या पोराला वाचवायला गाडी आडवी घातलेली? घरात सगल्यांना म्हायती हाय." काकांनी मान खाली घातली. मग किहीमवाला आला. अर्ध्या चड्डीत, डोळ्यांवर काळा चष्मा, गाडीत शेजारच्या बांधकामावरचे पाच गडी आणि फावडी. "काका, सीरियसली, आधी सांगायचं ना!" म्हणत तो थेट चिखलात शिरला आणि मांडीपर्यंत रुतला. त्याला बाहेर काढण्यात दहा मिनिटं गेली.

मग कप्तानांना कंठ फुटला. "मदून नको! मदी पानी जोरात हाय. दोनी बाजूंनी या, दोनी कडा धरा!" आणि नंतर: "उभी भित नको रं! उतार द्या, उतार!" हे सगळं आम्ही आधी ऐकलेलं होतं. किहीमवाल्याला कुणी समजवावं लागलं नाही. खुंट्यांना जाळं बांधलं, जाळ्यात पेंढा, पेंढ्यावर वाळूची पोती, त्यावर चिखलाची ढेकळं. आम्ही रांग धरली आणि ढेकळं हातोहात पुढे जाऊ लागली. काकी पेंढ्याचे भारे डोक्यावरून आणत होत्या, टाकत होत्या, परत जात होत्या. किती खेपा झाल्या ते कुणी पाहिलं नाही. मधेच केव्हातरी ते दोन म्हातारे रांगेत येऊन उभे होते. कधी उठले ते मलाही कळलं नाही.

दिवस कलता कलता खांड बुजली. शेवटचं ढेकूळ ज्याची जमीन जवळ त्यानं बसवायचं, अशी रीत. काकांनी ते हातात घेतलं, बघितलं, आणि माझ्याकडे दिलं. मी माझा फोन किहीमवाल्याच्या हातात दिला, त्यावर व्हिडिओत दुबईवाला दिसत होता. ते ढेकूळ बसवताना मी रडत होते, आणि आजही ते सांगताना मला लाज वाटत नाही.

त्या रात्रीची भरती बांधानं पेलली.

काकांनी आभार मानले नाहीत. तीन दिवस ते कुणाशी बोललेच नाहीत. मला वाटलं, मी नियम मोडला म्हणून कायमचे रुसले. चौथ्या दिवशी पोती ठेवायच्या खोलीत गेले तर भिंतीवर, डावपेचांच्या शेजारी, जुन्या जोळीतल्या घरांची यादी खडूनं काढलेली होती. बहुतेक नावांवर काट. खाली नव्या अक्षरात लिहिलं होतं: दुबई. किहीम. स्टेनो. माझ्याकडे पाठ करून काका सीट मागेपुढे करत होते. "पानी मेलंय," म्हणाले. "बस."

त्यानंतर आणखी एक हजेरी सुरू झाली. खेळाच्या आधीची होतीच, पण अमावास्या-पुनवेला भर दुपारी, भरती लागली की काका बांधावरून आम्हा तिघांना एकत्र फोन लावत आणि नावं पुकारत. आम्ही कुठेही असलो तरी उत्तर द्यायचं. दुबईवाल्यानं क्रेनवरून दिलंय. किहीमवाल्यानं मुंबईत कसल्याशा मीटिंगमध्ये उभं राहून दिलंय, तिथल्या लोकांना काय वाटलं असेल ते असो. भात झोडलं की आम्हा तिघांच्या घरी त्या शेतातले तांदूळ पोचत, खाडीपलीकडे होडीनं.

माझी बदली तळ्याला झाली त्याला आता बरेच दिवस झाले. इथून समुद्र दिसत नाही. खेळ अधूनमधून चालतो, काका अजूनही भातशेताला वळसा घालतात. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. भाद्रपदातली अमावास्या आली. मी कोर्टात होते, साहेब जेवायला गेले होते. मी सकाळपासून घड्याळ बघत होते. या वेळी फोन येणार नाही हे मला कळत होतं, आणि ते मला सहन होत नव्हतं.

फोन आला. पलीकडे वारा इतका की आधी काही ऐकूच येईना. मग काकींचा आवाज आला, खणखणीत.

"दुबई?"

"उभा हाय, चच्ची."

"किहीम?"

"उभा हाय, काकी."

"स्टेनो?"

मी टेबलाशी उभी राहिले. शिपाई बघत होता. "उभी हाय," म्हणाले.

तेवढ्यात आणखी एका फोनवरून, घरातल्या खाटेवरून काका ओरडले, "मी उभा हाय!"

"तुमी झोपा गप," काकी म्हणाल्या. मग नुसता वारा, आणि बांधाला पाणी लागल्याचा आवाज. मी विचारलं, "काकी, बांधावर कोण आहे?"

आपलं नाव आपणच पुकारायची त्यांना सवय नव्हती.

"मी," त्या म्हणाल्या. "मी उभी हाय."